पावसाचं दुसरं टोक

नकाशावर ऐरोलीवर बोट ठेवावं आणि सरळ पश्चिमेकडे सरकवत न्यावं. खाडी, मुंबई, मग अरबी समुद्राचा मोठा निळा पट्टा, आणि १६०० किलोमीटरच्या आसपास गेल्यावर बोट जमिनीला लागतं ते ओमानच्या मधल्या किनाऱ्यावर, दुक्म बंदराच्या जरा खाली. आपण आणि तो किनारा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहोत, १९ अंशांच्या थोडं वर. दोन्हीकडे सूर्य सारखाच डोक्यावर येतो. समुद्र तोच. तरी ठाण्यात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिकडे ५० मिलिमीटर पडला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं.

ह्यांची नोकरी निझव्याला होती, त्यामुळे काही वर्षं आमचा संसार ओमानमध्येच होता. परत येऊन ऐरोलीत रुळले, पण वाळवंट म्हटलं की इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते ऐकताना मला अजूनही बेचैन व्हायला होतं. वाळवंट म्हणजे जिथे काही नाही अशी जागा, असं आपण धरून चालतो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला एक पान मिळतं: उंट, खजूर, वाळूच्या टेकड्या, तेल. मी तिथे राहिले नसते तर मीही तेवढ्यावरच समाधान मानलं असतं. आता मात्र मला असं ठामपणे वाटतं की ओमानचं वाळवंट समजून घेतल्याशिवाय आपला पाऊस आपल्याला नीट कळत नाही.

ओमानचं क्षेत्रफळ साधारण ३,०९,५०० चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचं ३,०७,७१३. म्हणजे आपल्या राज्याएवढाच देश. माणसं मात्र ५० लाखांच्या आसपास, त्यातही पुष्कळजण बाहेरून पोटासाठी आलेले. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतच २०११ च्या जनगणनेत ८० लाखांवर माणसं मोजली गेली होती. हा विरळपणा आकड्यात वाचून कळत नाही. निझव्याहून सलालाकडे जाणारा रस्ता तासन्‌तास सरळ धावतो आणि दोन्ही बाजूंना करड्या खड्यांचं सपाट मैदान असतं. वाळू नाही, खडे. ओमानचा बराचसा भाग असाच दगडगोट्यांचा आहे. सिनेमातल्यासारख्या वाळूच्या टेकड्या पाहायच्या तर पूर्वेला शर्किया वाळवंटात जावं लागतं, किंवा पश्चिमेला सौदी अरेबियाच्या बाजूने आत आलेल्या रुब अल-खालीच्या कडेला. तो रुब अल-खाली साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा आहे, अखंड वाळूचा जगातला सगळ्यात मोठा पट्टा.

आता वाऱ्याकडे येते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

मे संपता संपता दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतात आणि जोर धरतात. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर हा वाऱ्याचा लोट ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहत ईशान्येकडे येतो. आपल्याकडे पाऊस घेऊन येणारा नैऋत्य मोसमी वारा तो हाच. ओमानच्या अगदी दारावरून तो जातो आणि थेंबही टाकत नाही. का? वारा किनाऱ्याला समांतर वाहतो तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचं वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. भर जून-जुलैत तिथला समुद्र गार पडतो. गार पाण्यावरची हवा गार आणि दमट होते, पण तिच्या डोक्यावर वाळवंटातून आलेली कोरडी, तापलेली हवा झाकणासारखी बसलेली असते. खालची हवा ते झाकण उचलून वर चढू शकत नाही. वर चढली नाही तर मोठे ढग बनत नाहीत, आणि ढग नाहीत तर पाऊस नाही. वारा पुढे उघड्या, कोमट समुद्रावर येतो, बाष्प भरून घेत राहतो, झाकण सैल होत जातं, आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकून तो वर चढला की आपल्याकडे कोसळतो.

इतकंच असतं तर ती फक्त वाऱ्याच्या वाटेची कहाणी झाली असती. १९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी आणखी एक धागा दाखवला. आशियातल्या मोसमी पावसात प्रचंड प्रमाणात हवा वर चढते आणि बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेचा परिणाम वातावरणात पश्चिमेकडे पसरतो आणि तिकडे हवा खाली उतरायला लागते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते. पश्चिम आशियाचा आणि पूर्व सहाराचा उन्हाळा इतका कोरडा असण्यामागे आपल्याकडच्या पावसाचा हात आहे, असा त्याचा अर्थ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. बाहेर पारसिकच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि मला निझव्याचं जुलैतलं पांढरंफटक आकाश आठवत होतं. ही दोन आकाशं वेगळी नाहीतच, हे मला त्या दिवशी कळलं.

तिकडच्या उन्हाळ्याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा सांगते. २६ जून २०१८ रोजी मस्कतच्या दक्षिणेला कुरियात या किनारी गावात चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. हे किमान तापमान आहे.

आणि त्याच दिवसांत, त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, धोफारमध्ये, लोक छत्र्या घेऊन फिरत असतात. सलालाच्या मागचे डोंगर त्या वाऱ्याच्या वाटेत आडवे येतात. झाकणाखाली अडकलेलं धुकं डोंगरांना भिडतं आणि २१ जून ते २१ सप्टेंबर असे तीन महिने तिथे ‘खरीफ’ चालतो: सतत भुरभूर, पंचवीस-सत्तावीस अंशांची हवा, डोंगरउतार हिरवेगार. रस्त्याकडेला शहाळ्यांच्या टपऱ्या, मागे केळीच्या बागा. पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकटीने गाडीतूनच विचारलं होतं, “आई, आपण अलिबागला आलो का?” मोजायला गेलं तर तिथला पाऊसही फार नाही, वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. बाकीचं पाणी झाडंच मिळवतात. धुकं पानांवर, फांद्यांवर साचतं, थेंब होतात, थेंब खाली गळतात आणि जमिनीत जिरतात. या जंगलातलं मुख्य झाड आपल्या धावड्याचं सख्खं भावंड आहे. ते धोफार आणि शेजारच्या येमेनमध्येच सापडतं. उंट आणि गुरं वाढली, चराई वाढली, तसं हे जंगल काही ठिकाणी विरळ झालं आहे. झाडाच्या जागी गवत आलं की धुकं अडवायला उंची उरत नाही, जमिनीत जाणारं पाणी घटतं आणि नवं झाड उगवणं अवघड होतं. येऊरच्या जंगलाच्या कडेने इमारती सरकताना पाहिल्या की मला धोफारचा तो उतार आठवतो. तिथे झाड तोडणं म्हणजे पाऊसच तोडणं आहे, आणि हे अक्षरशः खरं आहे.

डोंगर ओलांडून पलीकडे उतरलं की धुकं संपतं, हिरवळ संपते, आणि नेमक्या त्या सीमेवर, कोरड्या बाजूच्या ओढ्यांच्या पात्रांत, ऊदाची झाडं उभी असतात. लहानखुरी, वाकडी, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेली. आमच्या खानदेशात सातपुड्यात सालई आहे, तिच्याच वंशातलं हे झाड. सालीला छेद देतात, दुधासारखा चीक येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. पहिल्या छेदाचा माल खरवडून बाजूला टाकतात. पुन्हा त्याच जागी छेद, पुन्हा वाट पाहणं. चांगला खडा नंतरच्या छेदांतून मिळतो. रोम, इजिप्त, इराकपर्यंत हा धूप जात होता, आणि तो नेणारी गलबतं हेच मोसमी वारे पकडून चालायची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत या धुपाच्या किनाऱ्याचं वर्णन आहे आणि त्याच मजकुरात पुढे आपल्या सोपाऱ्याचं नि कल्याणचंही नाव येतं. लाकूड नसलेल्या त्या देशाची जहाजं कितीतरी शतकं हिंदुस्थानातून गेलेल्या सागवानाने बांधली गेली.

आपल्या अक्षांशावरचा तो मधला किनारा, जिथे सुरुवातीला बोट ठेवलं, त्याच्या आत जिद्दत अल-हरासीस नावाचं खड्यांचं पठार आहे. नदी नाही, झरा नाही. समुद्रावरून रात्री सरकत येणारं धुकं झुडपांवर दव होऊन बसतं आणि त्यावर गवत, काटेरी झाडं, हरणं जगतात. पांढऱ्या अंगाचा, सरळ लांब शिंगांचा अरबी ओरिक्स इथलाच. १९७२ साली रानातले शेवटचे ओरिक्स शिकाऱ्यांनी मारले. परदेशांतल्या प्राणिसंग्रहालयांतून वाढवलेला कळप आणून १९८२ मध्ये याच पठारावर पुन्हा मोकळा सोडला. १९९४ मध्ये हे अभयारण्य जागतिक वारसा ठरलं. कळप साडेचारशेपर्यंत वाढला. मग चोरटी शिकार पुन्हा सुरू झाली, संख्या ६५ वर आली, आणि सरकारने तेल शोधण्यासाठी अभयारण्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी केलं. २००७ मध्ये युनेस्कोने ही जागा यादीतून काढली. यादीतून काढून टाकलेली ती जगातली पहिली जागा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्या पठारावर उभं राहून मी सकाळचं दव पाहिलं आहे आणि तेवढ्याशा ओलाव्यावर एवढं मोठं जनावर जगतं याचं आश्चर्य मला अजून पुरलेलं आहे.

दगडांबद्दल थोडं सांगायलाच हवं. आपला पारसिक, मलंगगड, माथेरान हे सगळं लाव्ह्याचं, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा काळा कातळ. उत्तर ओमानमध्ये हजर पर्वताची रांग आहे आणि तिच्यातला मोठा भाग चक्क समुद्रतळाखालचा आहे. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राच्या तळाचं कवच आणि त्याच्याही खालचं प्रावरण अरबी भूखंडाच्या कडेवर चढून बसलं. भूगोलात आपण पृथ्वीचे थर शिकतो: कवच, प्रावरण, गाभा. त्यातल्या प्रावरणावर तिथे चालता येतं. तपकिरी-काळपट, उन्हात तेलकट दिसणारे हे खडक हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या मदतीने शोषतात आणि त्याचे पांढरे दगड बनवतात. ओढ्याच्या काठाला त्या पांढऱ्या रेघा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हा वेग वाढवून हवेतला कार्बन दगडात बंद करता येईल का, यावर तिथे आता जगभरचे लोक काम करत आहेत. याच डोंगरांतल्या तांब्यासाठी साडेचार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियाचे व्यापारी या देशाला ओळखत होते, आणि त्याच काळातल्या सिंधू संस्कृतीच्या मडक्यांचे तुकडे ओमानच्या पूर्व टोकाला किनाऱ्यावर सापडले आहेत.

पण मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे ते पाण्याबद्दल.

निझव्यात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर फलज दारिस वाहायचा. फलज म्हणजे पाण्याचा पाट, आणि दारिससारखा फलज जमिनीखालून आणलेला असतो. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी लागेल असं जाणत्याला वाटतं, तिथे खोल विहीर खणायची. मग गावाकडून तिच्यापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा, अगदी किंचित उतार देत. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा पोखरेल, कमी झाला तर तुंबेल. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, माती वर काढायला आणि खाली उतरणाऱ्याला हवा मिळायला. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी स्वतःच्या वजनाने काही किलोमीटर अंधारातून चालत येतं आणि गावाच्या डोक्यावर उजेडात निघतं. जमिनीखालून येत असल्यामुळे वाटेत त्याची वाफही होत नाही. सगळ्या प्रकारचे मिळून साधारण ३००० फलज ओमानमध्ये अजून चालू आहेत. त्यांतले पाच २००६ पासून जागतिक वारशात आहेत. त्यांची सुरुवात इसवी सन ५०० च्या सुमाराची मानतात, पण त्या भागात सिंचन त्याच्याही खूप आधीपासून होतं. आपल्याकडे औरंगाबादला मलिक अंबरने केलेली नहर आणि बऱ्हाणपूरचा जमिनीखालचा भंडारा पाहिलेल्यांना ही करामत ओळखीची वाटेल.

बांधणीपेक्षा मला वाटणीचं अप्रूप. पाणी बाहेर आलं की पहिली जागा पिण्याचं भरण्याची. तिच्यावर कोणाचा हक्क नाही आणि कोणालाही मनाई नाही, वाटसरूलाही नाही. मग मशिदीची, मग आंघोळीची, धुण्याची. त्यानंतर खजुराच्या बागा आणि शेवटी भाजीपाल्याचे, चाऱ्याचे वाफे. बागांना पाणी घागरीने किंवा इंचाने मोजून मिळत नाही, वेळेने मिळतं. अर्ध्या तासाच्या आसपासचा एक हिस्सा, त्याला ‘अथर’ म्हणतात. कोणाचे दोन अथर, कोणाचा पाव. दिवसा जमिनीत रोवलेल्या खांबाची सावली पाहून आणि रात्री ठरलेले तारे डोंगराआडून उगवताना पाहून पाळी बदलायची. काही हिस्से सगळ्या गावाचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बोगद्याची साफसफाई होते. पाऊस कमी झाला तर प्रवाह कमी होतो, पण वेळ तेवढाच राहतो, म्हणजे तूट सगळ्यांना सारख्या प्रमाणात येते. पाण्याचं यापेक्षा न्यायाचं गणित मला कुठे दिसलेलं नाही, आणि हे मी माझ्या माहेरच्या गावाला स्मरून म्हणते.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथे फड पद्धत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात काय लावायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. माझे आजोबा पाटकरी होते. पाणी सोडायचं काम त्यांचं. स्वतःच्या शेतात दारं धरायला शेतकऱ्याने यायचं नाही, आपल्या वावरात किती पाणी गेलं यावर भांडायचं नाही, पाटकरी सांगेल ते. आबा स्वतःच्या भावाच्या वावरालाही पाळीआधी पाणी देत नसत. घरात त्यावरून झालेली अबोलाअबोली मी पाहिली आहे.

बिरकत अल-मौझ या गावी फलज अल-खतमैन आहे. तिथे पाट तीन सारख्या फाट्यांत विभागतो. त्या जागी मी तासभर बसले असेन. फलजचा कारभार पाहणाऱ्याला तिथे वकील म्हणतात. तिथले जुने वकील, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत आले. हिंदी छान बोलायचे, तरुणपणी मुंबईच्या बंदरात येऊन गेलेले. मी त्यांना आबांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “मग बेटी, तुझ्या आजोबांचे दुश्मन पुष्कळ असतील.”

“होते,” मी म्हटलं, “पण पाण्यावरून कोणी त्यांच्यावर बोट ठेवलं नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पाण्यातला खजुराचा एक सुकलेला झाप काठीने बाहेर ओढला. मग मला म्हणाले की हल्ली मुलं मस्कतला नोकरीला जातात, आपले अथर भाड्याने देतात, बोगद्यात उतरायला बांगलादेशी मजूर आणावे लागतात. फलजच्या मूळ विहिरीच्या आसपास नवी विहीर खणायला परवानगी नाही, तो नियम जुनाही आहे आणि सरकारीही. “पण पंप रात्री चालतो, आणि आवाज फक्त पाण्याला ऐकू येतो,” असं ते म्हणाले.

पांझरेवरचे फडही असेच थकले. वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, ऊस आला, आणि सगळ्यांनी मिळून पीक ठरवायची गरज उरली नाही.

तेलाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून मी आटोपतं घेते. फहूदला १९६४ मध्ये मोठा साठा सापडला, १९६७ मध्ये पहिलं जहाज भरून गेलं, आणि देश बदलला. शेजाऱ्यांच्या मानाने ओमानचं तेल कमी आणि काढायला अवघड, काही ठिकाणी इतकं दाट की वाफ सोडून पातळ करावं लागतं. तेलाबरोबर कितीतरी पट खारं पाणीही वर येतं. दक्षिणेला निम्र इथे ते पाणी बोरूच्या मैलोन्‌मैल वाफ्यांतून सोडून स्वच्छ करतात. भर वाळवंटात उभं केलेलं हे पाणथळ जगातल्या अशा मोठ्या जागांपैकी आहे, आणि स्थलांतर करणारे पक्षी तिथे उतरतात. नैसर्गिक वायूपासून सूरच्या कारखान्यात युरिया बनतो. तो भारत आणि ओमानच्या भागीदारीतला कारखाना आहे आणि त्याचा युरिया आपल्या शेतात पडतो. आणि बाळंतिणीच्या लाडवात पडणारी खारीक? ओमानच्या शर्किया भागात मबसली जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. त्याचं मोठं गिऱ्हाईक भारत. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये खारकेच्या गोणीत हात घातला की मला त्या चुलींचा धूर आठवतो.

मस्कत आणि बाकीच्या किनारी शहरांचं पिण्याचं पाणी आता बहुतेक समुद्राचं, गोडं केलेलं. त्याला भरपूर ऊर्जा लागते आणि राहिलेलं दाट खारं पाणी पुन्हा समुद्रात जातं. उत्तरेकडच्या बातिना किनाऱ्यावर पंप आल्यावर शेतकऱ्यांनी इतका उपसा केला की समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकलं. विहिरी आधी मचूळ झाल्या, मग खाऱ्या, आणि किनाऱ्याजवळच्या खजुराच्या बागांचे नुसते बुंधे उभे राहिले. त्यावर उपाय म्हणून ओढ्यांवर बंधारे बांधले. १९८५ चा अल-खूदचा बंधारा त्यातला. पूर आला की तो अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी हळूहळू पुढे सोडून जिरवायचं. बाष्पीभवन इतकं की साठवून ठेवण्यात अर्थ नाही, जमिनीच्या पोटात पाठवणं हीच साठवण.

इकडे नवी मुंबईला मोरबे आहे, पालिकेचं स्वतःचं धरण, आणि त्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. पण खाडी ओलांडून घोडबंदर रोडला माझी बहीण राहते, तिच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतात. २५०० मिलिमीटर पावसाच्या गावात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या सभेत मी पाहुणी म्हणून बसले होते. वरच्या मजल्यांना दाब कमी पडतो, कोणाकडे दोन गाड्या धुतल्या जातात, कोण किती भरतं, असं तास-दीड तास चाललं. प्रत्येक घराला किती वेळ पाणी सोडायचं आणि तो वेळ कोण ठरवणार, एवढा एकच प्रश्न कोणी विचारला नाही. शेवटी बहिणीला न जुमानता मी उठून आबांची आणि त्या वकिलांची गोष्ट सांगितली. दोन-तीन वयस्कर मंडळींनी ऐकून घेतली. एक सातारचे काका म्हणाले, “आमच्याकडेही पाळीपत्रक असायचं.” त्यांनी नंतर पाणी समितीत नाव दिलं.

निझव्याजवळ डोंगराच्या पोटात अल-हूता नावाची गुहा आहे. दक्षिणेला धोफारमध्ये कुन्फ नावाची आणखी एक. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचे स्तंभ या गुहांमध्ये थरावर थर चढत वाढले, आणि त्या थरांतल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून कधी किती पाऊस पडत होता ते काढता येतं. साधारण ९५०० ते ६००० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेला पोचत होता. आज निष्पर्ण दिसणाऱ्या त्या भागात गवताळ माळ होते, रुब अल-खालीत तळी होती. मग पावसाचा पट्टा हळूहळू दक्षिणेला सरकला आणि उत्तरेच्या गुहेतले स्तंभ वाढायचे थांबले. भारतीय मोसमी पावसाचा जुना इतिहास शोधणारे लोक म्हणून ओमानच्या गुहांत जातात.

हवा नेहमी तिकडूनच इकडे येते असंही नाही. २०२१ च्या सप्टेंबरअखेर बंगालच्या उपसागरातलं गुलाब चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं, जमिनीवर क्षीण झालं, पण विझलं नाही. तेलंगण, मग मराठवाडा. नांदेड, लातूर, बीडकडे काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. माझी मामेबहीण अंबाजोगाईजवळ असते, ती फोनवर रडत होती. ते अवशेष गुजरातजवळून अरबी समुद्रात उतरले, कोमट पाण्यावर पुन्हा जोर धरला आणि त्यांना नवं नाव मिळालं, शाहीन. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या बातिना किनाऱ्यावर चढलं. चक्रीवादळं ओमानमध्ये सहसा पूर्वेकडून, दक्षिणेकडून येतात, इतक्या उत्तरेला ती क्वचितच पोचतात. खाबूरा गावी ३६९ मिलिमीटर पाऊस पडला. जिथे वर्षाला १०० पडत नाही तिथे.

रुस्ताकजवळ राहणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणीला मी फोन लावत होते, तो चौथ्या दिवशी लागला. घरात चिखल होता, माणसं सुखरूप होती. ओढ्याने आणलेल्या गोट्यांनी त्यांच्या फलजचा उघडा पाट पार बुजला होता. तिचा मुलगा सोहारची नोकरी बाजूला ठेवून दोन दिवसांसाठी गावी आला होता, आणि त्याच्या वयाचे आणखी बरेच आले होते. बागांना पाणी जायला हवं होतं आणि बाहेरून मजूर यायला रस्ताच शिल्लक नव्हता, म्हणून सगळी मुलं फावडी घेऊन पाटात उतरली होती. कोणाच्या बागेचा तुकडा आधी मोकळा करायचा यावर वाद झाला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, झाला, पण पिण्याच्या पाण्याच्या जागेपर्यंतचा पाट आधी, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.